एका उदबत्तीची पैज

१

“होक, लेका, हा सिंह तू सोन्यासारखा करून दाखवच. मी भूमीबाबाच्या देवळाच्या पायरीवर उभा राहून कोंबड्यासारखा आरवेन. तीनदा!”

“चारचौघांत?”

“चारचौघांत कशाला, अख्ख्या गल्लीत! लाऊडस्पीकर पण माझाच.”

किम्पोच्या या बोलण्यावर बीकी मावशीच्या टपरीवर हशा उसळला. नूडल्सच्या वाडग्यांमधे ते सिंहाचं तोंड पडलं होतं. कुठल्याशा जुन्या वाड्याच्या दारावरचं पितळी तोंड, किम्पोने भंगारवाल्याकडून उचललेलं. तव्यासारखं काळं, आणि आयाळीच्या प्रत्येक वळीत साठ वर्षांची काजळी.

तैवानातले निम्मे नळ ज्या गावात बनतात, त्या गावातली ही गल्ली. इथे कोणी नळ ओततो, कोणी घासतो, कोणी चमकवतो. किम्पोचं वय बावन्न. धंदा मोटारी आणि पंखे दुरुस्तीचा, जोडधंदा लोकांची फजिती करण्याचा. एका रविवारी त्याने स्पीकरवर कचरागाडीची धून लावली आणि अख्खी गल्ली पिशव्या घेऊन रस्त्यावर पळत आली होती. रविवारी गाडी येतच नाही, हे आठवेपर्यंत सी शेठ चड्डीवर कोपऱ्यापर्यंत पोचले होते.

होक त्या सी शेठच्या कारखान्यात वीस वर्षं पितळ चमकवत होता. गल्लीत सगळ्यात मोठ्याने हसणारा माणूस. किम्पोचा निम्मा उत्साह त्या हसण्यासाठीच असायचा.

“वेळ किती?” होकने विचारलं.

“एक उदबत्ती. उद्या सोळावा ना?”

चांद्र महिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या दिवशी गल्लीतले सगळे कारखाने दुपारी तीनला बंद होतात. दारासमोर टेबल मांडायचं, त्यावर फळं, बिस्किटं, उकडलेली कोंबडी. उदबत्ती लावायची, भूमीबाबाला जेवू द्यायचं. तो जेवला की मग पिंपात सोनेरी कागद जाळायचे आणि उरलेल्या कोंबडीवर आपण बसायचं.

“उद्या शेठाणीने उदबत्ती लावली की सुरू,” किम्पो म्हणाला. “ती विझायच्या आत सिंह माझ्या हातात. आणि शेठाणीला पत्ता लागता कामा नये. लागला तर हरलास.”

“ए, ही कसली अट?”

“भ्यायलास?”

“भितो तुझा बाप!” होकने सिंह काखोटीला मारला. “उदबत्ती चाळीस मिनिटं जळते. मला बफाच्या कापडी चाकावर घासून वीस पुरतात. मोटर चालवायची पाठच्या खोलीत, दार लावून. म्हातारी तशीही अर्धी बहिरी आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी किम्पोने एक छोटासा चावटपणा केला. तो काय, ते वेळ आल्यावर.

दुपारी साडेतीनला, शेठाणीची उदबत्ती अजून जळत असताना, होक त्याच्या दुकानात शिरला आणि बाकावर ठण्णकन सिंह आदळला. सोनं! आयाळीच्या वळीवळीत सोनं, नाकपुड्यांत सोनं, जबड्याच्या आतसुद्धा.

किम्पोचं तोंड उघडंच राहिलं. “अरे, पण तू... कसं काय?”

“धंद्याचं गुपित!” होक खदाखदा हसला. हसता हसता दोनदा खोकला. “आरवायची प्रॅक्टिस सुरू कर. उंचावरून म्हण, म्हणजे माझ्या बायकोला पण ऐकू येईल.”

तो गेला. किम्पोच्या डोक्यात एक प्रश्न उभा राहिला होता, पण त्याने त्याला खाली बसवलं. हरलेल्या माणसाला जास्त चौकशा शोभत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता गल्लीत ॲम्ब्युलन्स शिरली. होकच्या तोंडातून गुलाबी फेस येत होता.

२

“हिने मारलं माझ्या लेकाला!”

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर होकची आई बाकावर बसून सुनेकडे बोट दाखवत होती. सून, दिएम, भिंतीला पाठ लावून उभी. बारा वर्षांपूर्वी व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली. गल्लीचं बोलणं तिला आता गल्लीपेक्षा चांगलं येत होतं.

“काय झालं, काकू?” किम्पोने विचारलं.

“डॉक्टरीणबाई म्हणाली, फुप्फुसं भाजलीत. कसल्या तरी वाफेने. विचार तिला, सकाळी सहाला उठून काय केलं ते!”

“संडास धुतला,” दिएम खालच्या आवाजात म्हणाली. “आधी ते ॲसिड टाकलं. मग ब्लीच. एकावर एक टाकायचं नाही हे मला ठाऊक नव्हतं, किम्पोदादा. वास आला तेव्हा मी खिडकी उघडली. सातला ते अंघोळीला गेले. आठला...”

तिने आतल्या खोलीच्या बंद दाराकडे हात केला.

“ऐकलंस?” म्हातारी म्हणाली. “स्वतःच्या तोंडाने कबूल करतेय. होक डोळे उघडू दे नाहीतर मिटू दे, ही माझ्या घरात राहणार नाही. नात माझ्याकडे राहील. हिने विमानात बसावं.”

आणि सगळ्यात वाईट म्हणजे दिएम मान हलवत होती. होय म्हणून.

डॉक्टर त्सेंग बाई बाहेर आल्या. होकला झोपवून ठेवलं होतं, घशात नळी होती, यंत्र त्याच्या वतीने श्वास घेत होतं. “चार दिवसांत कळेल,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या रोग्याकडे गेल्या.

सी शेठही आले होते, हातात सफरचंदांचा खोका. “घरगुती अपघात,” ते हळहळत म्हणाले. “बायकांना या बाटल्यांचं काही कळत नाही. आमच्याकडे तर काल तीनलाच सगळं बंद. ॲसिडची टाकी सोमवारपासून झाकलेली. मी डॉक्टरांना तसं सांगितलंय.”

कोणी काही विचारलं नसताना शेठ एवढं बोलले. किम्पो आयुष्यभर लोकांना गंडवत आला होता. विचारायच्या आधी आलेलं उत्तर त्याला लांबून ओळखू यायचं.

त्याने दिएमच्या हातात चहाचा कागदी कप दिला. “वहिनी, बॅग भरू नका. दोन दिवस द्या मला.”

“तुम्ही काय करणार?”

“जे रोज करतो ते. लोकांच्या खोड्या काढणार.”

३

होकच्या घरची संडासासकटची न्हाणी चार पावलांची. किम्पो आत जाऊन उकिडवा बसला.

“तुम्ही किती वेळ होतात आत?”

“अर्धा तास. फरशी घासत होते.”

“खोकला?”

“डोळे चुरचुरले. खोकला नाही.”

“मग कोण आलं आत?”

दिएमने आठवलं. “सासूबाई. दात घासायला. त्यांना वेळ लागतो, कवळी असते. मग हे.”

“म्हणजे तुम्ही अर्धा तास वाफेच्या तोंडावर बसलात, तुम्हाला काही नाही. पंच्याहत्तर वर्षांची म्हातारी तुमच्यानंतर आत, तिला शिंक नाही. आणि तासाभराने, उघड्या खिडकीत, बैलासारखा धडधाकट होक दहा मिनिटं अंघोळ करून आडवा? वहिनी, हा वास माणसं बघून चावतो की काय?”

दिएम पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघायला लागली.

“आदल्या रात्री कसा होता?”

“छान. दोन वाडगे जेवले. तुम्ही आरवणार म्हणून हसत होते. झोपेत खोकत होते थोडं, म्हणाले तिखट जास्त झालं.” ती थांबली. “आणि बोटं. मी घासली साबणाने, पण जातच नव्हती.”

“काय जात नव्हतं?”

“पिवळे डाग. उजव्या हाताला. सी शेठ इस्पितळात म्हणाले सिगरेटचे असतील.”

किम्पो उभा राहिला. होकने सिगरेट सोडून दीड वर्ष झालं होतं. ती पैजही किम्पोच हरला होता.

“दोन बोटांवर होते?”

“नाही. पाची बोटांवर. आणि मनगटाला गोल, बांगडीसारखे. हातमोजा जिथे संपतो ना, तिथे.”

४

सी शेठचा कारखाना म्हणजे तेल, काजळी आणि पितळेचा भुगा. त्यात त्या दुपारी स्वतः सी शेठ हातात पाइप घेऊन पाठच्या खोलीची फरशी धूत होते. ज्या माणसाने तीस वर्षांत झाडूला हात लावला नव्हता तो माणूस.

“शेठ, लग्न आहे का कोणाचं?”

शेठ दचकले. “अरे, घाण झाली होती.”

“तीस वर्षं होतीच की. आजच दिसली?”

“तू कामाचं बोल. मोटर झाली का?”

“होतेय,” किम्पो पटकन म्हणाला आणि शेठाणीकडे वळला. ती दारात बसून नळांना कागद गुंडाळत होती. अर्धी बहिरी, पण डोळे घारीचे.

“शेठाणी, पूजेच्या दिवशी वाफ बाहेर फेकणारा तो पंखा चालू होता का हो?”

“चालू? भूमीबाबाच्या ताटावर कारखान्याची वाफ सोडू? तूच मेल्या गेल्या वर्षी त्याचं तोंड पाठच्या बाजूचं काढून पुढे वळवलंस. शेजारी शिंपल्या वाळवतो, त्याला वास येतो म्हणून! तेव्हापासून उदबत्ती लावायच्या आधी मी पंखा बंद करते. कागद जळून राख गार झाली की मग चालू.”

किम्पोला आठवलं. पंख्याचं तोंड वळवायचे त्याने पैसे घेतले होते, वर शेठना चहा पाजायला लावला होता.

“आणि तुमच्या मनगटाला काय झालं?”

तिने हात पुढे केला. वाटाण्याएवढा पिवळा डाग. “नायट्रिक ॲसिड. बरणी ओतताना उडालं मागच्या आठवड्यात. साबणाने जात नाही हे. कातडी निघेल तेव्हाच जाईल.”

पाठच्या खोलीत पाण्याचा आवाज एकदम थांबला.

“पुरे गं तुझ्या गप्पा!” शेठ ओरडले.

किम्पो कोपऱ्यावर गेला आणि त्याने इस्पितळात फोन लावला. डॉक्टर त्सेंग बाई घाईत होत्या.

“बाई, एकच विचारतो. धूर एका दिवशी दुपारी आत गेला आणि दम दुसऱ्या दिवशी सकाळी लागला, असं होतं का?”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

“होतं,” त्या म्हणाल्या. “असा एक वायू आहे. आत जाताना जरासा खोकला येतो, मग माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. आणि आठ-दहा-पंधरा तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. तुम्ही धुराचा रंग पाहिलात का?”

“रंग?”

“तांबूस, नारिंगी. असा धूर कोणी पाहिला असेल तर मला आज कळलं पाहिजे. कारण हा वायू दोन-तीन आठवड्यांनी, बरं वाटायला लागल्यावर, पुन्हा एकदा उलटतो. ब्लीच समजून मी त्याला लवकर घरी सोडलं असतं.”

५

“माझं नुकसान कोण भरून देणार?” बीकी मावशीने झारा आपटला. “चाळीस वर्षं नूडल्स विकते. कधी लगदा झाला नव्हता!”

“मावशी, मी धुराचं विचारतोय.”

“तेच सांगते! पूजेच्या दिवशी मी काय करते? पिंपात कागद पेटले की नूडल्स उकळत्या पाण्यात. कागद जळून झाले की सगळे भुकेने माझ्याकडे येतात. बरोब्बर वेळ साधते. त्या दिवशी मी इथून पाहिलं, सी शेठच्या दाराच्या वर धूर. म्हटलं, पेटवले. टाकल्या नूडल्स. आणि कोणी येईच ना! अर्धा तास! अर्ध्या तासाने बघते तर शेठाणी आत्ता कुठे पिंपात काडी लावतेय. तोवर माझ्या नूडल्सची खळ झाली होती. ती कोंबड्यांना घातली.”

“पहिला धूर कुठून येत होता?”

“शटरच्या वरच्या फटीतून. आणि पंख्याच्या तोंडातून थोडा.”

“पंखा तर बंद होता.”

“म्हणून तर हळूहळू झिरपत होता, घागरीतून पाणी झिरपतं तसा.”

“रंग?”

मावशीने टपरीवर टांगलेल्या वाळक्या संत्र्याच्या सालींकडे बोट दाखवलं. “असा. मी म्हटलं, या वेळी कागदाला रंग चांगला लावलाय.”

भूमीबाबाचं जेवण संपायच्या आत गल्लीत कोणी कागद पेटवत नाही. म्हणजे तो धूर देवाचा नव्हता.

किम्पो दुकानात आला. बाकावर सोनेरी सिंह दात काढून बसला होता. त्याने तो उचलला, आयाळीच्या वळ्यांत नखं फिरवली. बफाचं चाक जाडं असतं. या वळ्यांत ते जाऊच शकत नाही. ते वरवर घासतं, रेघा सोडतं. इथे एक रेघ नव्हती. हा सिंह ॲसिडात बुडवून काढला होता, मनगटापर्यंत हात घालून.

पण वीस वर्षं बफ चालवणारा होक ॲसिडकडे का गेला?

किम्पोने मान वळवायचं टाळलं. मग वळवली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला सी शेठच्या बफाची मोटर पडली होती. खोललेली, बेअरिंग बाहेर. त्यात काडीचा दोष नव्हता. पूजेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता किम्पो कारखान्यात गेला होता, मोटरला कान लावला होता, चेहरा लांब केला होता आणि म्हणाला होता, “शेठ, ही आज-उद्या पेटणार. घेऊन जातो.” आणि वाटेत एकटाच हसत सुटला होता. होकला चाक मिळणार नाही, पैज खिशात!

तो स्टुलावर बसला. मोटर त्याने पळवली. पंख्याचं तोंड त्याने वळवलं. शेठाणीला कळता कामा नये, ही अट त्याची. म्हणजे पंख्याचं बटण होकला लावता येणार नव्हतं.

मोटर का आणली, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. होकलाही नाही. आणि आता डॉक्टरांना फक्त धुराचा रंग सांगितला की काम भागत होतं. होक नियम मोडून लपून आत शिरला, एवढंच म्हणायचं. दिएम सुटेल. गल्लीत आपलं हसं होणार नाही. आणि आपल्या खोड्यांवर गल्ली हसायची थांबणार नाही.

त्याने मोटर जोडायला घेतली. चार स्क्रू लावले. पाचवा बाकावर तसाच ठेवून तो उठला.

६

संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला त्याने सगळ्यांना इस्पितळात गोळा केलं. म्हातारी बाकावर, तिच्या पायाशी दिएमची भरलेली बॅग. शेठ आणि शेठाणी खिडकीपाशी. बीकी मावशी टपरी बंद करून आली होती, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं. डॉक्टर बाई दाराला टेकून उभ्या.

“काकू,” किम्पोने सुरुवात केली, “त्या सकाळी तुम्ही दात किती वेळ घासलेत?”

“हा काय चावटपणा?”

“सांगा ना.”

“पाव तास.”

“खोकलात? नाही ना. वहिनी अर्धा तास आत होत्या. जो वास तुम्हा दोघींना काही करत नाही, तो होकला उचलून यमाच्या दारात नेत नाही. न्हाणीत काही झालं नाही. जे झालं ते आदल्या दुपारी.”

“आदल्या दुपारी सगळं बंद होतं,” शेठ म्हणाले.

“शटर बंद होतं. पाठचं दार नव्हतं. होक आत गेला, टाकीचं झाकण काढलं, नायट्रिकमधे पितळ बुडवलं. म्हणून पाची बोटं पिवळी, म्हणून मनगटाला बांगडी. सिगरेटने बांगडी होत नाही, शेठ. तांबूस धूर निघाला. मावशीने पाहिला, पण तिला वाटलं कागद. तिच्या नूडल्सचा लगदा झाला कारण कागद पेटायला अजून अर्धा तास होता.”

“नायट्रोजनचा तांबडा वायू,” डॉक्टर बाई हळूच म्हणाल्या. “जुळतंय सगळं.”

“पुरावा काय?” शेठचा आवाज चढला. “मी म्हणतो, टाकी झाकलेली होती!”

“मग फरशी का धूत होतात?”

शेठनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

“तुम्ही उघडं झाकण पाहिलंत. कधी?”

हवं तेवढं नेमकं ऐकू येणारी शेठाणीच म्हणाली, “सांग. तू संध्याकाळी सातला दार लावायला गेलास आणि येऊन जेवला नाहीस.”

शेठ खिडकीच्या कट्ट्यावर बसले. “झाकण बाजूला होतं. भिंतीवर तांबडं. खोलीत तो वास. माझ्या वडिलांच्या वेळी एक कारागीर असाच... रात्री हसत घरी गेला, सकाळी नव्हता. मला ठाऊक होतं. धूर लागलेल्या माणसाला त्याच रात्री इस्पितळात न्यायचं असतं. फोन हातात घेतला मी. मग वाटलं, तपासणीवाले येतील, मास्कला लावायच्या गाळण्यांच्या डब्या दाखवा म्हणतील. त्या दोन वर्षं बदलल्या नाहीत. म्हटलं, होक धट्टाकट्टा आहे. काही होणार नाही.”

दिएम हळूहळू खाली बसली, बॅगेशेजारी. “बारा तास,” ती म्हणाली. “तुम्हाला बारा तास आधी ठाऊक होतं. आणि मला सफरचंदं दिलीत.”

म्हातारीने तोंडावर पदर घ्यावा तसा हातरुमाल घेतला. मग उठली, वाकली आणि सुनेच्या पायाशी पडलेली बॅग ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली. बॅग घट्ट धरून बसली.

“मग झालं,” बीकी मावशी म्हणाली. “चोर सापडला.”

इथे थांबता आलं असतं. सगळे शेठकडे बघत होते. किम्पोकडे कोणीच बघत नव्हतं.

“नाही झालं,” किम्पो म्हणाला. “होकला बफावर वीस मिनिटांत जमलं असतं. धूर नाही, काही नाही. पण बफाला मोटर नव्हती.”

“ती तर बिघडली होती,” शेठ म्हणाले.

“नव्हती बिघडली.”

दिएमने मान वर केली. “म्हणजे?”

“मी नेली, वहिनी. खोटं बोलून. तो हरावा म्हणून.” त्याला वाटलं होतं की हे सांगितल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. “आणि शेठाणीला कळता कामा नये असं मीच म्हटलं. नाहीतर त्याने पंखा लावला असता.”

दिएम त्याच्याकडे बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “ते त्या रात्री दोन वाडगे जेवले. तुम्ही आरवणार म्हणून.”

७

होकच्या घशातली नळी सहाव्या दिवशी निघाली. तिसऱ्या आठवड्यात, डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या तसंच, फुप्फुसं पुन्हा उलटली. पण त्या तयारीत होत्या. तो इस्पितळातच होता, औषध चालू होतं. तो वाचला. निम्म्या फुप्फुसांवर. वीस पावलं चाललं की बसायचं, जिना नाही, कारखाना तर नाहीच. बरोबर चाकांवरचं ऑक्सिजनचं नळकांडं, नाकात नळी. शेठनी कामावरचा अपघात म्हणून कागदांवर सही केली, मास्कच्या डब्यांचं खरं खरं लिहून. तपासणीवाले आले, दंड झाला, पंख्याला दोन तोंडं बसली. ती किम्पोने फुकट बसवली, चहाही घेतला नाही.

अडीच महिने त्याने कोणाची खोडी काढली नाही. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. होककडे तो रोज जायचा, भाजी ठेवायचा आणि पळायचा.

एक दिवस होकने त्याची बाही धरली. “ए, पैज... बुडवतोस काय?”

“होक, अरे कसली पैज आता. मी खोटेपणा केला. दिएमवहिनीने सांगितलं ना तुला मोटरचं?”

“सांगितलं.” होक श्वासासाठी थांबला. आता प्रत्येक वाक्याच्या मधे एक थांबा लागायचा. “म्हणजे तू... खोटेपणा करूनही हरलास. मग तर... आरवच.”

म्हणून पुढच्या चांद्र महिन्याच्या दुसऱ्या दिवशी, पूजा आटोपल्यावर, किम्पो भूमीबाबाच्या देवळाच्या पायरीवर उभा राहिला. खाली अख्खी गल्ली. सी शेठ सगळ्यात मागे, भिंतीला लागून. बीकी मावशी झाऱ्यासकट. पुढे खुर्चीत होक, शेजारी दिएम, एक हात नळकांड्याच्या चकतीवर.

किम्पोने आधी मोटरचं सांगितलं. मग पंख्याचं, मग अटीचं. लाऊडस्पीकरवर, नाव घेऊन, स्वतःचं.

मग तो आरवला. मुद्दाम बारीक, कोरडा, एखाद्याने नाइलाजाने हजेरी द्यावी तसा. होकला हसू येता कामा नये, डॉक्टरांनी बजावलं होतं.

“हा कोंबडा की... शिंकणारी सायकल?” होक म्हणाला.

पुढच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं. किम्पो दुसऱ्यांदा आरवला आणि घाबरून आवाज मधेच फाटला. आता मात्र होकचे खांदे हलायला लागले. ते गल्लीभर घुमणारं हसू आतच कुठेतरी निघालं, वाटेत अडकलं, आणि त्याचा खोकला झाला. तो वाकला. ओठ निळसर पडले. दिएमने चकती फिरवली, पाठीवर हात ठेवला. किम्पो दोन पायऱ्या उतरून थांबला, माइक हातात तसाच. अख्खी गल्ली होकचे श्वास मोजत होती.

होक सावरला. डोळ्यांतून पाणी, घामाने चेहरा ओला. बोलायला दम नव्हता. त्याने एक बोट वर केलं. एक बाकी आहे.

किम्पोने दिएमकडे पाहिलं. नको म्हण, वहिनी.

“थांबलात कशाला?” दिएम म्हणाली. “हरलात ना? मग नीट आरवा. आत्ताचे दोन कोणालाच ऐकू गेले नाहीत.”

तो परत पायरी चढला. मान वर करून त्याने श्वास घेतला. किती सहज आत गेला तो, थेट तळापर्यंत. लाज वाटावी इतका सहज. आणि तो सगळाच्या सगळा बाहेर सोडत किम्पो कोंबड्यासारखा आरवला.